मिस्टर अंक यांस स. न. वि. वि.

आमच्या दिवाळी अंकाच्या ईमेल पत्त्याची सुरुवात 'अंक' या शब्दाने होते. एवढ्या भांडवलावर जगातल्या पुष्कळ लोकांनी असा समज करून घेतला आहे की, अंक नावाचे एक गृहस्थ पुण्यात राहतात, त्यांच्याकडे बक्कळ पैसा आहे, हृदयरोगावर त्यांचा अधिकार आहे आणि घरात व्हॉल्व्हची कायमची टंचाई आहे. 'डिअर मिस्टर अंक,' चीनमधला कुणी कारखानदार लिहितो, 'आपल्या थोर कंपनीची व्हॉल्व्हची गरज आम्ही ओळखून आहोत.' 'डिअर डॉक्टर अंक,' एक आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिक लिहितं, 'आपल्या निबंधाने आम्ही भारावलो आहोत. पुढचा निबंध याच आठवड्यात पाठवा. छपाईचा खर्च लेखकाने सोसायचा आहे.' हे शेवटचं वाक्य आमच्या संपादकांनी, म्हणजे आप्पांनी, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. लेखकाला मानधन न देण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती; त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे हे त्यांना सुचलं नव्हतं.

मी या अंकाचा कार्यकारी संपादक. संपादक अग्रलेख लिहितात आणि कार्यकारी संपादक ईमेल उघडतो, अशी कामाची विभागणी आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली, तेव्हा पत्र पाठवणाऱ्याच्या खिशाला निदान तिकिटाचा चटका बसत होता. आता तोही नाही. लॉटरीवाले आणि जोम वाढवणाऱ्या गोळ्या विकणारे यांना ईमेल पुरवणारी कंपनीच परस्पर अडवते. चाळणीतून सुटून येतात ते विचित्र. त्यांच्या पत्रात ना लिंक असते, ना लॉटरी. एक जण तर दर दोन-चार दिवसांनी नुसतं विचारतो, 'हॅलो, आपण आहात का?' त्याला 'आहोत' म्हणून कळवायची आप्पांना फार इच्छा होती. एवढ्या आपुलकीने त्यांची चौकशी घरात कुणी केलेली नाही.

२००४ साली दावोसला बिल गेट्स म्हणाले होते की, स्पॅमचा प्रश्न दोन वर्षांत सुटेल. त्यांच्या भरवशावर बसून आमचे बरेच अंक निघाले. शेवटी मी पुतणीला गाठलं.

मृण्मयीने पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. कल्पना तिने स्पॅमअसॅसिन नावाच्या जुन्या, फुकट मिळणाऱ्या प्रणालीवरून घेतली होती. नियम साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचे. पत्रात अमुक शब्द दिसला तर इतके गुण, तमुक दिसला तर तितके. बेरीज पाचावर गेली की पत्राची रवानगी 'संशयित' या फोल्डरमध्ये.

"काका, एका नियमाला एक-दीड गुणाच्या वर देऊ नकोस," ती म्हणाली. "आणि आधी जुन्या मेलवर चालवून बघ."

"बरं," मी म्हटलं.

नियम करायची वही हाती आलेल्या माणसाला सल्ला ऐकू येत नाही, हे तिला तिच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवरून कळायला हवं होतं. मी 'मिस्टर अंक'ला पाच गुण दिले, 'डॉक्टर अंक'ला सहा दिले आणि 'व्हॉल्व्ह'ला सात. दुसऱ्या दिवशी तिघंही आत. काय सांगू महाराजा! आयुष्यात माझ्या शब्दाला इतक्या तातडीने कुणी मान दिला नव्हता. जेवताना मला नियम सुचू लागले. आंघोळीत सुचू लागले. हिच्या भावाचा फोन आला तरी त्याच्या बोलण्याला मी मनातल्या मनात गुण देऊ लागलो. साधारण 'तुमच्याकडे एक काम होतं' इथवर त्याचे पाच भरत.

मग मराठीत स्पॅम यायला लागला. 'बिनव्याजी कर्ज', 'दहा लाख', 'तुम्ही जिंकलात', 'लोन मंजूर'. मी कर्ज, व्याज, लाख, जिंक आणि लोन असे पाच नियम ठोकले आणि उदार मनाने प्रत्येकाला सहा-सहा गुण दिले. पेटी धुऊन काढल्यासारखी स्वच्छ झाली. अगदीच स्वच्छ झाली. ऐन गणपतीत, जेव्हा महाराष्ट्रातला साक्षर माणूस कथा किंवा कविता यांपैकी काहीतरी पाठवत असतो, तेव्हा आमच्याकडे शुकशुकाट. आप्पा म्हणाले, "यंदा साहित्याला ओहोटी दिसते."

पहिला फोन कर्जतहून आला. एक कथालेखक तीनदा कथा पाठवून बसले होते. पत्राखाली त्यांनी रीतसर आपला पत्ता दिला होता आणि कर्जत या गावाच्या नावात कर्ज आहे, हे ना त्यांच्या लक्षात आलं होतं ना गावाला नाव देणाऱ्याच्या. इंग्लंडात स्कन्थॉर्प नावाचं गाव आहे. त्याच्या नावाच्या पोटात एक अर्वाच्य इंग्रजी शब्द दडलेला असल्यामुळे १९९६ साली अमेरिका ऑनलाइनच्या यंत्रणेने तिथल्या रहिवाशांना खातंच उघडू दिलं नव्हतं. त्या लोकांनी निदान एकच गाव अडवलं. आपल्याकडे कर्जत दोन आहेत, एक रायगडात आणि एक नगरकडे, आणि मी दोन्ही अडवली होती.

संशयितांचं फोल्डर उघडलं तर आत साहित्य संमेलन भरलेलं. अजिंक्य नावाचे सगळे होतकरू लेखक 'जिंक'मध्ये सापडले होते. सलोनी नावाच्या नायिकेची एक दीर्घकथा 'लोन'वर अडकली होती. लाखनी आणि लाखांदूर या भंडारा जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांचा साहित्याशी संबंध तुटला होता. आणि 'व्याज'ने तर कहर केला होता. मराठीत प्रेम हे निर्व्याजच असावं लागतं. त्याशिवाय त्याच्यावर कविता होत नाही. तेव्हा त्या हंगामातली यच्चयावत प्रेमकविता आत होती.

"हा नियम काढू नकोस," आप्पा म्हणाले.

मृण्मयीला फोन लावला. ती म्हणाली, "शब्दाच्या कडा बांध ना, काका." म्हणजे नियमाच्या दोन्ही टोकांना एक खूण लावायची, की मग शब्द एकटा उभा असेल तरच पकडला जातो, दुसऱ्याच्या पोटात असला तर नाही. मी कडा बांधल्या. आता इथे एक गंमत आहे आणि ती मला फार उशिरा कळली. पायथन हा साहेबी पठडीतला प्राणी. त्याच्या नेहमीच्या हिशेबात क, ख, ग ही अक्षरं. पण काना, वेलांटी, अनुस्वार आणि अक्षराचा पाय मोडणारी ती तिरकी रेघ यांना तो अक्षरांत धरतच नाही. काना दिसला की त्याच्या मते शब्द संपला. परिणाम असा की, कर्जत सुटलं. सलोनी सुटली. लाखनीसुद्धा सुटली, कारण तिथे 'ख'च्या पुढे सरळ 'न' आहे. पण लाखांदूरमधल्या 'ख'ला काना आहे. तिथे पायथनला शब्दाची कड दिसली, त्याला 'लाख' एकटाच हिंडताना सापडला आणि त्याने त्याला आत टाकला. अजिंक्य सुटला, मात्र त्याच्याबरोबर 'तुम्ही जिंकलात'ही सुटलं. आणि निर्व्याजमध्ये 'र'चा पाय मोडलेला असल्यामुळे तिथून पुढे नवा शब्द सुरू होतो असं धरून प्रेम होतं तिथेच राहिलं. जिल्हा एक, आडनावं तीच, पण लाखनीचा कवी मोकळा आणि लाखांदूरचा कोठडीत. हा न्याय मी लाखांदूरच्या एका कवींना फोनवर समजावून सांगायचा प्रयत्न केला.

"म्हणजे काना काढून पाठवू?" ते म्हणाले.

याच सुमारास मलपृष्ठ गेलं. दिवाळी अंक साहित्यावर चालतो असं वाचकांना वाटतं. तो मलपृष्ठावर चालतो. आमचं मलपृष्ठ वर्षानुवर्षं एका पतसंस्थेकडे आहे आणि तिच्या जाहिरातीचा मजकूर काय असणार? सुलभ कर्ज, आकर्षक व्याज, अमुक लाखांपर्यंत, आजच या. माझ्या फाइलमधला जवळजवळ प्रत्येक नियम उठून तिला सलाम करत होता. मजकूर म्हणून पाहिलं तर या पत्रात आणि लबाडाच्या पत्रात फरक एवढाच की, पतसंस्था चेक देते. हे मी नियमात कसं लिहायचं? दोन स्मरणपत्रांसकट ते सगळं आत गेलं आणि मुदत संपल्यावर व्यवस्थापकांनी आप्पांना लँडलाइनवर विचारलं, "यंदा आमची जाहिरात जड झाली का?" आप्पा त्यानंतर माझ्याशी जे बोलले, त्याला माझ्या प्रोग्रॅमने काही केल्या पंचवीसच्या खाली गुण दिले नसते.

म्हणून मग व्हाइटलिस्ट आली. ज्यांची पत्रं न तपासता सोडायची, अशांची यादी. व्यवस्थापकांचं नाव पहिलं. त्यांच्याखाली आप्पांचे व्याही, आप्पांचे मधुमेहाचे डॉक्टर, आणि आप्पा ज्यांना घाबरतात ते एक समीक्षक. यादीत नाव आहे की नाही यावरून शहरात कुणाला किती वजन आहे हे ठरू लागलं आणि मला अचानक चहाची आमंत्रणं येऊ लागली. पंधरवड्यात व्यवस्थापकांचं खातं कुणीतरी हॅक केलं. 'मी मनिलात अडकलो आहे, पाकीट आणि पासपोर्ट दोन्ही चोरीला गेले, तातडीने पैसे पाठवा,' असं पत्र शून्य गुण मिळवून, मानाने, थेट आप्पांच्या पेटीत आलं.

"मनिलात?" आप्पा हादरले. "मग चेकवर सही कोण करणार?"

"बरं, शब्दांचा नाद सोड," मृण्मयी म्हणाली. "बेज वापरू."

थॉमस बेज हे अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक. शक्यतांच्या गणितावरचा त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापला गेला. (दिवाळी अंकाच्या मानाने हा विलंब काही फार नाही.) २००२ साली पॉल ग्रॅहम नावाच्या प्रोग्रॅमरने त्या गणिताच्या आधारे स्पॅम कसा ओळखायचा ते लिहिलं आणि त्याची मोठी चर्चा झाली. यात नियम लिहायचेच नाहीत. चांगल्या पत्रांचा एक ढीग द्यायचा, वाईट पत्रांचा एक द्यायचा, आणि कुठला शब्द कुठल्या ढिगात जास्त येतो ते यंत्र आपलं आपण मोजतं. ग्रॅहम यांना मोजणीत असं आढळलं की, भडक लाल रंगाचा संगणकी कोड हा अश्लील शब्दांइतकाच पक्का पुरावा आहे. हे वाचून माझं यंत्रावरचं प्रेम वाढलं. पिवळ्या पार्श्वभूमीवर भडक लाल अक्षरांत सुविचार पाठवणारे माझ्याही ओळखीत आहेत.

ढीग करायचं काम आप्पांनी घेतलं. "मला माणसं कळतात," ते म्हणाले. दोन संध्याकाळी बसून त्यांनी पत्रांचे दोन भाग केले. यंत्र शिकलं. मग मृण्मयीने त्याला विचारलं, सगळ्यात वाईट शब्द कोणता? कर्ज नव्हे, लॉटरी नव्हे. सगळ्यात वर 'मानधन' होता. त्याच्याखाली 'मागील वर्षीचं', आणि त्याच्याखाली 'कधी मिळेल'. आप्पांनी ही तिन्ही जिथे जिथे आली ती पत्रं निरपवादपणे एकाच ढिगात टाकली होती. गणित चोख होतं. बेजसाहेबांच्या आत्म्याला शांती मिळेल इतकं चोख होतं.

मृण्मयी काही बोलली नाही. ती आपला लॅपटॉप घेऊन निघून गेली आणि मी पुन्हा फाइल उघडली.

कारण आता एक विधवा आली होती. आफ्रिकेतली असावी. 'नमस्कार प्रिय, मी एक विधवा स्त्री आहे आणि मी मरणार आहे डॉक्टर बोलला. माझी मदत करा. मी तुम्हाला माझा वारस बनवू इच्छितो.' यंत्राने केलेलं मराठी, त्यामुळे मरेपर्यंत बाईंचं लिंग ठरत नव्हतं. मी खूश झालो. आता शब्दावर नाही, व्याकरणावर नियम! 'माझी मदत करा'ला दोन गुण, 'बनवू इच्छितो'ला दोन, 'डॉक्टर बोलला'ला दीड. नियम चालू केले आणि पहिल्या तासात काय काय पकडलं? एका वृत्तवाहिनीचं निमंत्रण, दोन सरकारी परिपत्रकं, टीव्ही मालिका लिहिणाऱ्या एका नामवंताची मुलाखत आणि आमच्या स्वतःच्या सहसंपादकाचा रजेचा अर्ज. विधवा नुसत्या 'नमस्कार प्रिय'वर आली आणि शांतपणे पेटीत जाऊन बसली, कारण तोवर तिचं मराठी सुधारलं होतं.

ते खरोखरच सुधारत चाललं होतं. हल्ली या मंडळींच्या हाताशी अशी यंत्रं आली आहेत की, पत्रात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडायची नाही. अनुस्वार जागच्या जागी. स्वल्पविराम पाहून डोळे भरून यावेत. तेव्हा मला तो उलटा नियम सुचला, ज्याचा मला आजही अभिमान आहे: ज्या मराठी पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, ते संशयित. आमच्या लेखकांवर माझा पूर्ण विश्वास होता आणि त्यांनी तो सार्थ ठरवला. कथा, कविता, ललित, राशिभविष्य, सगळं सुखरूप आलं. निवृत्त प्राचार्यांचा 'मराठीची दुर्दशा' हा लेख तर पहिल्याच ओळीत पास झाला. अडकले एकटे नेने सर, आमचे मुद्रितशोधक. तपासलेली प्रूफं पाठवून ते वाट बघत बसले आणि मग रागावून त्यांनी दुसरं पत्र पाठवलं. रागाच्या भरात त्यात 'आणि'चा णि दीर्घ झाला. ते मिळालं.

राहता राहिले ते नुसते शब्दांचे ढीग. बेजच्या गणिताला चकवायचं म्हणून स्पॅमवाले पत्रात वाटेल तिथले निरुपद्रवी शब्द कोंबतात. चंद्र, गंज, उद्वाहन, मावशी, मीठ. अशी पत्रं मी बाजूला काढून आप्पांना दाखवू लागलो, कारण आमच्याकडे मुक्तछंदही त्याच पत्त्यावर येतो. आप्पा एकेक कागद दूर धरत, जवळ धरत. "हा चांगला आहे," ते म्हणत. मग, "पण याला कळतंय की नाही, ते कळत नाही."

मी म्हटलं, मजकूर सोडू आणि पत्ते पाहू. जगातला पहिला स्पॅम म्हणून ज्याचं नाव घेतात, तो ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क या संगणक विक्रेत्याने अमेरिकेत अर्पानेटवर सुमारे चारशे जणांना पाठवला होता. पत्त्यांची यादी एवढी लांबली की ती वरच्या रकान्यात मावेना आणि ओसंडून खाली पत्रातच उतरली. म्हणजे गठ्ठ्याने पाठवणं हीच स्पॅमची मूळ खूण. नियम केला: 'प्रति'मध्ये दहाच्या वर पत्ते असतील तर सहा गुण. झालं! महाराष्ट्रातले झाडून सगळे कवी आत. त्यात आमच्या लाखांदूरच्या कवींचंही पत्र होतं. वर साठेक दिवाळी अंकांचे पत्ते दाटीवाटीने बसलेले आणि खाली पहिलीच ओळ: 'ही कविता केवळ आपल्याच अंकासाठी.' आम्ही त्या यादीत कितवे आहोत, ते आप्पांनी बोट लावून मोजलं. ते मी इथे सांगणार नाही.

सध्याची पद्धत आप्पांची आहे आणि तिला पायथन लागत नाही. येणारं प्रत्येक पत्र संशयित. सगळ्यांना आत टाकायचं आणि स्वस्थ बसायचं. विधवा कधी फोन करत नाही. चीनमधला कारखानदार करत नाही. हृदयरोगाचं नियतकालिक तर नाहीच नाही. पण ज्याने मराठीत कविता लिहिली आहे, तो माणूस ती पाठवल्यापासून तासाभरात फोन करतोच करतो. ज्याचा फोन येईल, त्याचं पत्र बाहेर काढायचं. चुकून अजून एकही स्पॅम सुटलेला नाही आणि एकही कवी अडकलेला नाही.

काल दुपारी जरा डोळा लागला होता, तेवढ्यात मोबाइल वाजला. पडद्यावर लाल पट्टी आणि तिच्यावर ठळक अक्षरांत 'स्पॅम: अनेकांनी तक्रार केलेला नंबर'. खाली गाव लाखांदूर. उचलला.

"साहेब, कविता पोचली का?"

"पोचली."

"कोणत्या फोल्डरात?"

"चांगल्या," मी म्हटलं.

"मग उरलेल्या अकरा पाठवतो," ते म्हणाले.